बर्फाच्या पेटीतल्या डिस्क

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिलात, तेव्हा त्याच्या पोटात काय होतं, हे तुम्हाला सांगता येईल? तो किती वर्षांचा होता आणि कसा बंद पडला, ते नको. आत काय होतं, ते सांगा.

हा प्रश्न माझा नाही. पनवेलच्या जुन्या बाजारात, चपलांच्या दुकानाशेजारच्या चिंचोळ्या गाळ्यात बसणाऱ्या एका बाईंचा आहे. कुणी मेलेला कॉम्प्युटर घेऊन आलं की त्या त्यातली हार्ड डिस्क काढायच्या, तिला वायर जोडायच्या आणि वैद्यानं नाडी बघावी तशी तिच्यावर दोन बोटं ठेवून डोळे मिटायच्या. आतली चकती फिरताना जाणवली की म्हणायच्या, "फिरते." आणि लगेच समोरच्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलाकडे बोट. "मालक कोण? बसवा त्याला. मालक बसल्याशिवाय फॉरमॅट नाय."

तुम्ही त्या गल्लीतून गेला असाल, तर पाहिलंही असेल त्यांना. केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर. गाव गव्हाण, घर कोळ्यांचं. सगळे त्यांना मावशी म्हणायचे, मीही.

तरुणपणी त्या उरणला एका मालवाहतुकीच्या ऑफिसात टायपिंग करायच्या. ऑफिसनं नवे कॉम्प्युटर घेतले, जुने फेकायला काढले. त्यातले दोन मावशींनी मागून घेतले आणि घरी उघडून बसल्या. "एक माझ्या हातानं मेला," त्या सांगायच्या, "दुसऱ्यानं शिकवलं."

मी पहिल्यांदा गेले ती पत्रक वाटायला. खाडीत टाकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविरुद्ध मी ते लिहिलं होतं, चांगलं जळजळीत. मावशींनी ते शेवटपर्यंत वाचलं. इतकं शांतपणे माझं पत्रक कुणी वाचलेलं नव्हतं.

"खाडी कंची?"

"म्हणजे?"

"सगळ्याच खाड्या? मग कोनालाच लागनार नाय. नाव घाल. कंची खाडी, कंचा पूल. आनि बस जरा, पुढारीणबाई, तो स्क्रू धर."

त्या दिवसापासून मी पुढारीणबाई झाले. मी त्यांच्या या धंद्यावर लेख लिहायचं म्हटलं, तर हात जोडून म्हणाल्या, "लिवशील की कोळीन मासे सोडून डिस्का विकते. त्यापेक्षा नको लिवू." (मावशी, माफ करा. लिहिते आहे.)

त्यांचं काम साधं होतं. बंद कॉम्प्युटरमधली धडधाकट डिस्क काढायची, तिला पेटीसारखं कव्हर आणि स्वतःची वायर द्यायची, की झाली जादा साठवणीची जागा. हव्या त्या लॅपटॉपला लावा. "नवीन कशाला? अजून पाच वरसं खेचंल ही." पण ती रिकामी करण्याआधी मालकानं स्टुलावर बसायचं आणि एकेक फोल्डर उघडून बघायचं. घाईत असलेल्या माणसाला तर त्या मुद्दाम सावकाश दाखवायच्या.

एकदा खारघरचे एक सोसायटीचे सेक्रेटरी आले. सारखं घड्याळ बघत होते. "काही नाही हो त्यात, पुसून टाका." मावशींनी बसवलं. चौथ्या की पाचव्या फोल्डरात कविता निघाल्या, लग्नाआधीच्या. मावशींनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. सेक्रेटरी कानापर्यंत लाल. "पुसा, पुसा ते आधी!"

"तुमच्याच ना?"

"हो, पण वाईट आहेत."

"वाईट तर हायतच," मावशी म्हणाल्या. "पन तुमच्या हायत. आज घरी न्या. उद्या पुसावंसं वाटलं तर तुमच्या हातानं पुसा."

त्यांनी त्या मोबाईलवर उतरवून नेल्या. जाताना गल्लीतच उभे राहून मोबाईलवर वाचत होते. घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

आता माझ्यावर येते. मला हसू नका.

माझा लॅपटॉप मोर्चांच्या आणि मुलाखतींच्या व्हिडिओंनी भरला होता. नवी डिस्क विकत घेणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. माळ्यावर बाबांचा जुना कॉम्प्युटर होता. बाबा शाळामास्तर, आणि आयुष्यभर पत्रकं लिहिणारे. पाण्याची टाकी, दाखल्यांसाठी घातले जाणारे हेलपाटे, बसस्टँड, कशावरही. अक्षरओळखही मला पत्रकांच्या घड्या घालतानाच झाली. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा छापील गठ्ठ्यांचा लगदा झाला. मग बाबांनी तो कॉम्प्युटर घेतला. लोकांकडे उरलेल्या प्रती गोळा करून आणि बाकीचं आठवून, दोन बोटांनी त्यांनी सगळी पत्रकं पुन्हा टाइप केली. त्याला दोन वर्षं लागली. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आणि त्या पत्रकांना मी 'अर्ज' म्हणायचे. कारण शेवटी ठरलेलं असायचं : 'तरी आपणांस नम्र विनंती.' एकदा जेवताना मी बोलले, "बाबा, विनंत्या कसल्या करता? मागणी करा! असल्या नम्रपणानं काय बदललं आजवर?" बाबांनी ताटातला भात संपवला. त्यानंतर त्यांनी एकही पत्रक लिहिलं नाही.

अगदीच दगड नाही मी. बाबांच्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मगच कॉम्प्युटरचं कॅबिनेट स्कूटरवर घालून गाळ्यात गेले.

दोन बोटं, मिटलेले डोळे. "फिरते. मालक?"

"बाबांची आहे. पण मी सगळं घेतलंय काढून. मारा फॉरमॅट."

"इचारलंस त्यांना?"

"त्यांना आता काही नकोय त्यातलं."

"इचारलंस का, ते सांग."

मी पेनड्राइव्ह काढून दाखवला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि एक फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं, कंस, पौंडाची चिन्हं. त्यांनी दुसरी उघडली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

"ही कंची भाषा बोलतो गं तुझा बाप?"

उतरवलेली एकही फाइल मी उघडून पाहिली नव्हती.

"जुना मराठी फॉन्ट हाय हा," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडं नाय. बाजारात मागशील तर आता मिळनार पन नाय. फाइल तू नेलीस, पन तो फॉन्ट नसला तर मराठी दिसायची नाय. आनि फॉन्ट हितं हाय." त्यांनी डिस्कवर दोन बोटं ठेवली. "तू हीच कोरी कराया निघालेलीस."

"मग काढा ना तो फॉन्ट! आत्ता काढा."

"मालक बसल्याशिवाय नाय."

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल."

निळ्या स्टुलावर बाबा बसले. मावशींनी जुन्या डिस्कवरचा फॉन्ट शोधून आपल्या कॉम्प्युटरवर घेतला आणि मघाचीच फाइल उघडली. टोप्या गेल्या, पौंड गेले. बाबांचं मराठी जसंच्या तसं उभं राहिलं. बाबांचे ओठ हलू लागले. ते स्वतःचंच पत्रक पाठ म्हणत होते.

मावशीही वाचत होत्या. मधेच थांबल्या. "मास्तर, ह्यो कागद तुमी लिवलेला?"

पत्रक बसस्टँडवर बायकांसाठी मुतारी नसल्याबद्दल होतं.

"हो. जुनं आहे फार."

"मी गव्हाणवरून टायपिंगच्या क्लासला यायची तवा पनवेलला. सकाळी घरातून निघाले की परत घरी जाईपर्यंत पानी प्यायची नाय." मावशी माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "स्टँडवर एका मानसानं ह्यो कागद हातात दिला. खाली सह्या मागितलेल्या. मी केली. पहिल्यांदाच कशावर तरी सही केली."

"मीच वाटत होतो ती," बाबा म्हणाले.

"मग बांधली ना त्यांनी?" मावशी म्हणाल्या.

"सात-आठ महिन्यांनी. बांधली."

मावशी माझ्याकडे वळल्या. "बघ पुढारीणबाई. कंचा स्टँड, कंच्या खिडकीसमोर, सगळं लिवलंय बापानं. म्हनून लागला कागद." आणि बाबांना म्हणाल्या, "याची एक प्रत मना द्या, मास्तर."

त्या डिस्कला त्यांनी कव्हर बसवलं. अर्ध्या जागेत बाबांची पत्रकं, फॉन्टसकट. उरलेल्या अर्ध्यात माझे व्हिडिओ. वर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून लिहिलं : 'मास्तर + पुढारीण'. महिन्याभरानं बाबांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशी गेल्या. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी निरोप. तेराव्यानंतर त्यांचे यजमान, काका, मला गाळ्यात बोलावून म्हणाले, "तुज्याकडं द्यायचं म्हनाली होती," आणि मासे ठेवायची बर्फाची पेटी पुढे सरकवली. आत कोरड्या फडक्यात गुंडाळलेल्या डिस्क होत्या. मधेमधे बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. खाडीची दमट हवा लागू नये म्हणून मावशी त्या शेजारच्या चपलांच्या दुकानातून मागून आणायच्या. जे लोक बंद कॉम्प्युटर ठेवून गेले आणि स्टुलावर बसायला परत आलेच नाहीत, त्यांच्या त्या डिस्क. एकही पुसलेली नव्हती. प्रत्येकीवर चिकटपट्टी : 'लाल स्कूटरवाले, ओवे'. 'बारशाचे फोटो, बाई परत येते म्हनाली'. 'म्हातारे, कानाला यंत्र, पळस्पे'.

एका डिस्कवर पट्टी नव्हती. काका म्हणाले, "ही तिची सोताची. हिचं काय करू? मालक कुठून बसवू?"

मी ती वायरला जोडली आणि दोन बोटं ठेवली. फिरत होती. काकांनीही बोटं ठेवली, आणि बराच वेळ उचलली नाहीत. मग आम्ही ती न उघडताच पुन्हा फडक्यात गुंडाळली.

पेटीतली कुठलीच डिस्क मी उघडलेली नाही, उघडणारही नाही. दर रविवारी सकाळी काका शटर वर करतात. मी आणि बाबा तिथे बसतो. चपलांच्या दुकानाला लागून तोच गाळा, स्टूलही तेच निळं. तुम्ही कधी तिथे कॉम्प्युटर दिला असेल, तर या आणि आपलं घेऊन जा. तुम्ही पनवेलचे नसाल, तर आज माळ्यावरचा तो जुना कॉम्प्युटर खाली काढा. ज्याचा असेल त्याला समोर बसवा, उघडा, एकेक करून बघा. मग काय पुसायचं ते त्याला ठरवू द्या.

तरी आपणांस नम्र विनंती.