दादानं बसवलेला चोक

गॅरेजच्या फरशीवर तेल सांडतं तसे किस्से सांडतात. पुसायला कोणाला सवड नसते, मग थर चढत जातो. आमच्या अहमदपूरच्या गॅरेजात तर माझ्या मोठ्या भावाचे, प्रकाशदादाचे इतके किस्से, की पाय घसरावा! दादा साध्या तापानं गेला. आता भेटायला येणारे रडायला बसतात अन् किस्सा सांगून हसवून जातात. मला लई राग यायचा. परवा मीच सांगायला लागलो!

*

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या साहेबांची जीप काळा धूर सोडत आली. ड्रायव्हर म्हणाला, "जयभीम मिस्त्री. लई पेट्रोल खाऊन राहिली."

थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोकची घुंडी ओढतात, इंजिन तापलं की आत ढकलतात. ह्या पठ्ठ्यानं त्या घुंडीला साहेबांच्या डब्याची पिशवी अडकवली होती, लातूरपासून!

दादानं पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "डबा साहेबांचा, अन् जेवून राहिली जीप!"

*

पत्र्यापलीकडं रज्जाकचाचांचं बॅटरीचं दुकान. एक गाडी सुरू होईना. चाचा म्हणाले, "तेरा चोक खराब." दादा म्हणाला, "तुमची बॅटरी बसली." चहा झाला, भांडण झालं, पुन्हा चहा झाला. तेवढ्यात मालक डबडं घेऊन आला.

"पेट्रोल संपलं होतं हो. आणायलाच गेलतो!"

*

नवा चोक बसवला की दादा गाडी रात्रभर ठेवून घ्यायचा. चोकची परीक्षा थंड इंजिनावरच, सकाळी. मला कुठला दम! दुष्काळाचा उन्हाळा, पत्रा तापलेला. मी बर्फाची लादीच आणली, इंजिनावर ठेवायला.

दादानं लादीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् हातोड्यानं तिचे तुकडे केले. समोर टँकरची वाट बघत बाया उन्हात बसल्या होत्या. त्यांच्या घागरींत एकेक टाकत गेला.

"सुध्या, इंजिन उद्या थंड होईल. ह्यांचं काय?"

*

चाकूरचे डॉक्टर जुन्या काळ्या मोटारीतून वस्त्यांवर फिरायचे. गढूळ पाण्यानं लेकरांना जुलाब लागले होते. मोटार चोक बदलायला आणली, तेव्हा डॉक्टर घाईत. "मिस्त्री, मी तर पेशंट लगेच तपासतो!"

"तुमचा पेशंट कण्हतो तरी, साहेब. माझा आधी गप झोपावा लागतो."

चोक बसवला. त्याच संध्याकाळी दादाला ताप भरला. सकाळची परीक्षा राहिली ती राहिलीच.

*

दादा गेल्यावरही मोटार तिथंच. मी रोज बॉनेट उघडायचो अन् मिटायचो. सुरू केली की दादाचं शेवटचं काम संपलं! डॉक्टर बिचारे एसटीनं फिरत होते. "तुझं मन होईल तेव्हा कर," म्हणायचे. एका गिऱ्हाइकानं बॉनेटला नुसता हात लावला, तर मी पान्हा उगारला!

ते वहिनीला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गॅरेजात आली. कधी येत नव्हती. सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"भाऊजी, तिकडं लेकरं आजारी हायत. काय ओढायचं ते सांगा."

"वहिनी, तुम्ही उतरा."

"न्हाई उतरत."

मी घुंडी दाखवली. तिनं दोन्ही हातांनी ओढली. चावी फिरवली. इंजिन एकदा खोकललं, अन् धरलं! सगळं गॅरेज थरथरलं. मी हळूहळू घुंडी आत ढकलायला सांगितली, तिनं ढकलली. आवाज सरळ झाला, एकसारखा, दादा करायचा तस्सा.

पत्र्यापलीकडून चाचांची हाक आली, "परकाश, चाय बोलूं क्या रे?"

मग पलीकडं एकदम शांत झालं. मी पान्हा हातात धरून उभा.

वहिनीनं मोटारीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बोला की, चाचा! साखर कमी सांगा!"