भिंतीवरची निपाणी

फोन आला तेव्हा मी कानडीत बोलत होते. बेळगावच्या आमच्या वीज कार्यालयात खिडकीपलीकडे काकती गावची एक म्हातारी मीटरची तक्रार घेऊन उभी होती आणि अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा ते मी तिला समजावत होते. आई दुपारची कधी फोन करत नाही. "सुजे, तुझं आप्पा गेलं गं..." एवढंच म्हणाली आणि मागून शेजारच्या बायकांचा आवाज आला. मी म्हातारीला सांगत होते ते वाक्य पूर्ण केलं, कानडीतच, आणि मग उठले. निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर रडू आलं नाही, तेच टोचत राहिलं. कानडीच्या सक्तीविरुद्ध जन्मभर भांडलेल्या माणसाच्या मरणाची बातमी त्याच्या लेकीला कानडी बोलतानाच कळावी... आप्पांचं सगळं असंच झालं.

आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. वखारीतून सुटले की सीमाप्रश्न. मोर्चा असला की पुढे, सत्याग्रह असला की तुरुंगात, एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत. तुम्ही पुण्या-मुंबईचे वाचक सीमाप्रश्नाबद्दल वर्तमानपत्रात वाचता. आमच्या घरात तो पुढच्या सोप्यातल्या भिंतीवर टांगलेला होता. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला महाराष्ट्राचा मोठा नकाशा आप्पांनी घरी आणला होता. त्यात शेजारची राज्यं फिक्या रंगात होती. आप्पांनी तांबड्या पेन्सिलीनं नवी हद्द आखली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर सगळं आत घेतलं. घरी कुणीही येवो, गॅसवाला, पोस्टमन, सोयरेधायरे, आप्पा त्याला नकाशापुढे उभं करायचे आणि तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट निपाणीवर दाबून म्हणायचे, "हितं हाय आपण." मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही पोहे येण्याआधी नकाशा दाखवला गेला. शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "नकाशा झाला, आता पोरगी दावा."

मी नववीत असताना शाळेची सहल बेंगलोरला निघाली. विधानसौध, संग्रहालय, राजवाडा, सगळं बघायचं होतं. वर्गातल्या झाडून सगळ्या पोरी निघाल्या. आप्पांनी विषय तिथल्या तिथं मिटवला. "बेंगलोर आपली राजधानी न्हाई. आपली राजधानी मुंबई. म्युझियम बगायचं तर तितलं बगू. मी दावतो तुला." सहल परत आली, पोरी वर्षभर तिच्या गोष्टी सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. मुंबई काही आली नाही. आधी वखारीतून रजा मिळेना, मग आईचं ऑपरेशन निघालं, मग आप्पा म्हणायला लागले, "निकाल लागू दे, वाजतगाजत जाऊ." सीमाप्रश्नाचा निकाल काही लागला नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मला पंचविशीत क्लास लावून, दातओठ खात कानडी शिकावी लागली, नोकरीसाठी. क्लासला निघाले की आप्पा तोंड फिरवून बसायचे. पगार घरात यायला लागला तेव्हाही त्या विषयावर ते बोलले नाहीत. त्यांच्या हट्टाची शिक्षा मी भोगली, असं मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

गेल्या मे महिन्यात शेवटी मीच गाडी काढली. आप्पांना दम लागायला लागला होता आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. गाडीत आम्ही चौघं होतो, आप्पा, आई, मी आणि माझी लेक सई. तीही आता नववीतच. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला. आप्पा इस्त्रीचं धोतर, टोपी आणि त्या उकाड्यात कोट घालून पुढच्या सीटवर बसले. कोगनोळीचा नाका मागे पडला, महाराष्ट्राची पाटी आली, तशी त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. "आलो बग आपल्या राज्यात. वारं सुदिक येगळं हाय." मागून सई म्हणाली, "आजोबा, मळीचा वास तर तोच येतोय की." आप्पांना त्याचंही कौतुक वाटलं. इतकं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मुंबईत पहिल्या दिवशी गेटवे झालं, बोटी झाल्या, आईनं समुद्राचं पाणी डोळ्यांना लावलं. मग आप्पांना विधानभवन बघायचं होतं, बाहेरून का होईना. आपल्या प्रश्नावर तिथं बोलणं होतं, असं ते सईला सांगत होते. मी गाडी जरा बाजूला घेतली तोच हवालदारानं बॉनेटवर थाप मारली. "ए कर्नाटक, गाडी पुढे घे!" नंबरप्लेट बघून हाक मारली त्यानं, त्याचं तरी काय चुकलं? आप्पांनी काच खाली केली. "सायेब, आमी मराठीच हाय. निपाणीचं."

"असाल हो काका. गाडी पुढे घ्या."

दुसऱ्या दिवशी एका संग्रहालयात गेलो. जुनी नाणी, तोफा, शिलालेख... आप्पा प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. पाट्या मराठीत आहेत याचाच त्यांना आनंद. एका दालनात भिंतभर नकाशा लावलेला होता, लाकडात कोरून काढलेला, त्यावर सगळे किल्ले. आप्पांनी कोट सारखा केला आणि सईचा हात धरला. "ये, दावतो आपण कुटं हाय." बोट कोल्हापूरवर गेलं, तिथून खाली कागलवर आलं, आणि थांबलं. लाकूड तिथं संपत होतं. त्याच्या खाली नुसती पांढरी भिंत होती आणि जिथं निपाणी यायला हवी होती तिथं दिव्यांचा स्विचबोर्ड.

दाराशी खुर्चीवर राखणीला एक तरुण मुलगी बसली होती. आप्पा तिच्यापाशी गेले. "बाई, ह्यात निपाणी कुटं हाय?"

"कुठला जिल्हा, काका?"

आप्पा म्हणाले, "बेळगाव."

"मग ते कर्नाटकात. हा फक्त महाराष्ट्राचा आहे."

किती साधेपणानं बोलली ती. तिच्या मनात काही नव्हतं, आणि तेच मला अजून गिळता येत नाही. कुणी अंगावर आलं असतं तर आप्पा भांडले असते, ती त्यांची हयातभराची सवय. पण इथं काही भांडण आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सईनं त्यांना हसवायला स्विचबोर्डाकडे हात केला, "आजोबा, आपण हितं. दिवा लावायच्या बटणावर." आप्पा हसले. त्यांना खोटं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परतताना कराड मागे पडलं. आप्पा समोर बघत म्हणाले, "सुजे, तुला तवा बेंगलोरला जाऊ द्यायला पायजे हुतं." हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसले होते. ऐकलं तेव्हा कळलं. मला ते नकोच होतं. "आप्पा, झोपा जरा," एवढंच म्हणाले. त्यांच्या हट्टावर राग धरूनच मी मोठी झाले. त्यांनी तो हट्टच सोडून दिल्यावर त्या रागाचं काय करायचं? तो आता मी दोन्ही राजधान्यांवर काढते. एकीनं आम्हाला ठेवलं, पण हवे आहोत म्हणून नव्हे, आणि दुसरीला आम्ही आठवतही नाही.

घरी आल्यावर आप्पांनी नकाशाला परत बोट लावलं नाही. एक नोव्हेंबरला काळी फीत बांधली, पण आईकडून बांधून घेतली आणि दारातच बसून राहिले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तेराव्याला पलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातून, एक पुढारी आले. आप्पांच्या फोटोला हार घातला आणि "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" म्हणाले. पाठीशी असणारे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पुढे आलेला अजून पाहायचा आहे. जाताजाता त्यांची नजर नकाशावर गेली. "वा! ही वस्तू इथं कशाला ठेवलीत? आम्हाला द्या. मुंबईत संग्रहालयात लावू." जवळ जाऊन त्यांनी चष्मा वर केला. "अरेरे, नेमकी निपाणीच फाटलीय. हरकत नाही, मागून कागद चिकटवून घेऊ." इतक्या वर्षांत ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आप्पांच्या बोटानं कागद झिजत झिजत आरपार गेला होता, कडेनं तंबाखूचा पिवळा डाग तेवढा राहिला होता. आईनं चहाचा ट्रे त्यांच्यापुढे ठेवला. "ऱ्हाऊ द्या, दादा. तुमच्या भिंतीवर जागा न्हाई. आमी बगून आलोय."

ते चहा पिऊन गेले. नकाशा जिथल्या तिथं आहे. परवा आई देवळात गेलेली, सोप्यात मी एकटीच होते. आप्पा उभे राहायचे तिथं उभी राहिले, कोल्हापूरवर बोट ठेवलं, कागलपर्यंत आणलं आणि आणखी खाली नेलं. बोट भोकातून आत गेलं आणि भिंतीला टेकलं. इथंही भिंतच आहे, आप्पा... पण ही निपाणीची आहे.