उजव्या पिळाचे मामासासरे

जूनची पंधरा तारीख. दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडणार होतं, म्हणून सुट्टीचा शेवटचा दिवस मी मामांच्या खोलीची झाडलोट करण्यात घातला. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, माझे मामासासरे. दिसणं फारच कमी झाल्यावर ते हैदराबादला मुलाकडे गेले. मागे राहिल्या त्या तारा, मणी, बाटल्यांची झाकणं आणि त्यांची केलेली वेटोळी. जगातली प्रत्येक वस्तू एकतर उजव्या पिळाची असते नाहीतर डाव्या, तिसरी जात देवानं काढलीच नाही, असं ठासून सांगणारा दुसरा माणूस आमच्या अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही.

मामा जन्मभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. मामी गेल्यावर बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे राहायला आले, आणि आमच्या घरातली साधी वस्तू साधी राहिली नाही. औंढ्याला दर्शनाला गेले की देवळात कमी आणि बाहेरच्या दुकानांत जास्त रमत. दोऱ्याची गुंडी उचलून दुकानदाराला विचारत, "हा डाव्या पिळाचा काहून ठेवला?" दुकानदार म्हणे, "काका, दोरा हाय त्यो. बांधायचा असला तर घ्या." पीळ ओळखायची त्यांची रीत अशी, की उजव्या हाताचा अंगठा वर करायचा आणि बोटं वळतात तशी वस्तू वळत वर चढते का बघायचं. रस्त्याच्या कडेला अंगठा वर करून ते विचारात उभे राहिले की जीपवाले थांबत. दोनदा तर बसून वसमतला पोचले, काम काहीच नसताना.

दूध नासलं की आमच्याकडे आधी व्याख्यान होई. "ताई, नासलं म्हणू नको. उष्णतेनं अन् आंबटपणानं प्रथिनाची घडी मोडली. साखळी तीच हाय, आकार गेला. आकार गेला की काम गेलं."

"काम तर गेलंच," सासूबाई म्हणत. "आता चहा कशाचा करू, साखळीचा?"

मी तेव्हा वसमतच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते, पण तासिका तत्त्वावर. पदवी नुसती बी.एस्सी.ची. एम.एस्सी. झालात तर कायम करू, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं. चाळिशी उलटल्यावर मी नांदेडला जीवरसायनशास्त्राला नाव घातलं. बाकीचे विषय निघाले. प्रथिनं आणि न्यूक्लिक आम्लांच्या रचनेच्या पेपरात मात्र मी चक्क नापास झाले. कागदावरच्या सपाट चित्रातून मला उभा रेणू दिसतच नव्हता. मामांनी गुणपत्रिका लांबूनच बघितली आणि म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून बसा."

बसायचं कसं, हाच मोठा पेच. आमच्याकडे मामासासऱ्यानं भाचेसुनेला शिवायचं नसतं. हातातून हातात वस्तूसुद्धा द्यायची नाही. सासूबाई निवडायचं सूप घेऊन मध्येच बसत. मामा तारेचं वेटोळं पाटावर ठेवत, हात मागे घेत, मग मी उचले. शंका आली की ते वेटोळं फिरून पाटावरूनच परत जाई. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, तुमी एवढे शिकलेले, अन् हे काय?" तर म्हणाले, "दोन अणूसुद्धा ठराविक अंतराच्या आत आले की एकमेकाला ढकलतात. ते शिकलेलेही नसतात."

प्रथिनांत काही ठिकाणी साखळ्या शेजारी शेजारी येऊन चुण्या पडल्यासारखी चादर होते. तो धडा आला तेव्हा मामा अडले. निऱ्यांचं उदाहरण समोर होतं, पण भाचेसुनेसमोर लुगड्याच्या निऱ्यांचं नाव कसं काढायचं? दुसऱ्या दिवशी जन्मभर पॅंट घातलेला हा माणूस धोतर नेसून ओसरीवर आला, आणि स्वतःच्या निऱ्या चिमटीत धरून मला हायड्रोजन बंध शिकवले. धोतर तिसऱ्यांदा सुटल्यावर सासूबाईंनी सूप घेऊन घरात धाव घेतली. मी मात्र तो धडा आजवर विसरलेले नाही.

पुन्हा दिलेला लेखी पेपर चांगला गेला. तोंडी परीक्षेला डीएनएचं मॉडेल करून न्यायचं होतं. तारेची शिडी मी बांधली, डीएनएला लागतो तो उजवा पीळ मामांच्या देखरेखीखाली दिला. त्यांनी बजावलं, "उलटं धरलं तरी उजवा पीळ उजवाच राहतो. बदलतो तो फक्त आरशात." त्या संध्याकाळी त्यांनी ते मॉडेल एका जुन्या विद्यार्थ्याला व्हिडिओ फोन लावून दाखवलं.

सकाळी नांदेडच्या गाडीसाठी वसमतच्या स्टॅंडवर मामा स्वतः मॉडेल घेऊन आले. बाकावर ठेवलं, हात मागे घेतला. मी अंगठा वर करून पीळ बघितला.

"मामा, हे डावं हाय."

"उजवं हाय. काल डावं झालं होतं. फोनात बघितलं मी. रात्रीच एक टोक दारात अडकवून उलटं पिळलं, सरळ केलं."

"फोनात तुमी स्वतःला बघत होते ना? ते आरशासारखंच दिसतं."

मामांचा चेहरा असा उतरला की मला नांदेड विसरायला झालं. ज्यांनी मला आरसा शिकवला, तेच त्यात फसले होते. "माझ्यामुळं तुमची जागा जाईल," एवढंच म्हणाले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तिथं बाकावर शिडी एकट्यानं पिळता येत नव्हती. एकानं खालचं टोक घट्ट धरायला हवं होतं. मी ते सरळ त्यांच्या हातात कोंबलं, वर माझा पंजा दाबला. "धरा बराबर. सोडू नका."

मामांनी धरलं. मी फिरवत गेले. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई, पाळणा बांधून राहिल्या का? नांदेडला जायचं न्हाई व्हय?" पीळ सुटला, सपाट झाला, मग दुसऱ्या अंगानं चढला. मामांनी अंगठा लावून बघितला आणि मॉडेल उचलून माझ्या हातात दिलं. "ताईला सांगू नका," म्हणाले.

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न पिळाचा विचारला. मी हसू दाबून उत्तर दिलं. पास झाले, आणि या मे महिन्यात कायम झाल्याचा आदेश आला. तो मामांना फोनवर वाचून दाखवला, तर त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "आता मला काही दिसत न्हाई, सूनबाई. नाहीतर आलो असतो तुमच्या तासाला."

खोली झाडून झाली. सासूबाई म्हणाल्या, भंगारवाला आलाय. मी त्याला परत पाठवला, खोलीला कडी घातली आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं वसमतला गेले. हजेरी घेतली, हैदराबादला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून पेशीचा धडा सुरू केला. मामा पूर्ण तास ऐकत होते. मध्ये फक्त एकदा खोकले.