डोळ्यातला पोलादाचा कण

आमच्या ह्यांचा धंदा छपाईच्या अक्षरांचा. जातीने सोनार, पण दागिने सोडून मुंबईच्या टाइप फाउंड्रीत लागले. तिथे हिवतापाने हैराण झाले म्हणून रत्नागिरीला परतले, तरी फाउंड्रीचं काम आगबोटीने घरी येई. आधी कागदावर अक्षर काढायचं, मग तेच पोलादी सळीच्या टोकावर उलटं कोरायचं. त्या ठशावरून पुढे फाउंड्रीत छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतत. मी चौथी शिकलेली. पुस्तकातली अक्षरं कोणीतरी बसून घडवतं, हे मला लग्नानंतर कळलं.

त्या कामाची मला धास्ती होती. हे नाक सळीला टेकवून बसत. कण उडून डोळ्यात गेला तर काय, असं विचारलं की म्हणत, "तू भात बघ."

एका दुपारी ओटीवरून ओरडण्याचा आवाज आला. हे उजवा डोळा दाबून बसलेले. बघितलं तर बुबुळाच्या कडेला काळा कण रुतलेला. आमच्याकडे डोळ्यातलं कुसळ बायका जिभेने काढत. सासूबाई त्यात तरबेज, पण आता त्यांची मान हलायची. म्हणाल्या, "तूच काढ गो."

"मला नाही जमायचं. डोळा फुटला तर?"

"एरवी बरी चालते जीभ तुझी! चालव आता."

हे कण्हत म्हणाले, "आधी चूळ भर. आमटीत मिरची होती."

चूळ भरली. सासूबाईंनी ह्यांचं डोकं मांडीवर धरलं. मी पापणी वर करून जीभ लावली. नुसतं खारट पाणी. परत लावली, तेव्हा टोचलं. तळहातावर थुंकले तर कण आणि रक्ताचा ठिपका. रक्त माझ्या जिभेचं की ह्यांच्या डोळ्याचं, कळेना.

सरकारी डॉक्टर माझ्यावरच खेकसले. पट्टी बांधली आणि म्हणाले, सुटेपर्यंत काही सांगता येत नाही. तोवर मला अन्न गोड लागलं नाही. डोळा माझ्यामुळे गेला असंच मी धरून चालले होते.

पट्टी सुटली तसा ह्यांनी अर्धवट राहिलेला ठसा दिव्यावर काजळी धरेपर्यंत धरला आणि कागदावर दाबला. डावा डोळा झाकून कागद बघत राहिले. मी दार धरून उभी.

"काना जाड झालाय," हे म्हणाले.

"अहो, पण दिसतंय का?"

"दिसतंय म्हणून तर सांगतोय."

मी आत जाऊन चुलीपुढे बसले. ओटीवर कानस घासायला लागली, आणि मी आधीच चूळ भरून ठेवली.