कोरडी बाजू

उन्हात चालले की माझ्या चेहऱ्याची फक्त उजवी बाजू लालबुंद व्हायची आणि तेवढ्याच बाजूनं घाम निथळायचा. नाकाच्या मधोमध रेघ आखल्यासारखं. वडवणीत मी शिवणकाम करते. माप द्यायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडेच बघत राहायच्या. उजव्या गालाला मलमं लावून थकले आणि शेवटी अंबाजोगाईच्या देवीला नवस बोलले, ही लाली घालव, तुझी ओटी भरीन. खरं सांगायचं तर तेव्हा मनात भक्ती कमी आणि रागच जास्त होता.

वर्ष गेलं, लाली तशीच. नवरात्रात नणंद मला बळंच दर्शनाला घेऊन गेली. दुपारच्या रांगेत चेहरा पुन्हा अर्धा पेटला. मागची बाई हात जोडून म्हणाली, "आई आलीय हिच्या अंगात." बघता बघता कुणी माझ्या कपाळी मळवट भरला, कुणी पाया पडलं. एकीनं तर तान्हं लेकरू माझ्या पायांवर घातलं. मी हादरले. पण "तसं काही नाही" म्हणायचं सोडून गप्प उभी राहिले. ज्या तोंडाला लोक बिचकायचे त्याच्यापुढं ते वाकत होते, आणि मला ते आवडलं. त्याची अजून लाज वाटते.

माझ्यापुढच्या धनगर म्हातारीनं मात्र हात जोडले नाहीत. माझी हनुवटी धरून तिनं डाव्या गालावर बोट फिरवलं.

"ही बाजू काहून कोरडी हाय गं?"

"तिकडं काय न्हाई, आजी. दुखणं हिकडं हाय."

"उन्हात घाम येणारच की. जनावराचं नाक ओलं असलं की आमी निवांत. कोरडं पडलं, की समजायचं लई आजारी हाय. ही बाजू दाखव डाक्टरला."

दर्शन होताच नणंदेनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरही तेच म्हणाले. उजवी बाजू ठणठणीत होती, घाम आणि लाली आणणारी डावीकडची नस दबली होती. तपासणीत छातीच्या वरच्या भागात, मणक्याजवळ, वाढत चाललेली गाठ निघाली. गाठ साधी होती, वेळेत काढली, म्हणून निभावलं. चेहरा अजून तसाच आहे.

तरीही ओटी भरायला गेले, तेव्हा रांगेत म्हातारीला शोधलं, दिसली नाही. ती कोण होती, हे मी ठरवत बसत नाही. पण देवीसमोर उभी राहिले आणि अंगावर काटा आला. वर्षभर मी तिला माझी धड असलेली बाजू घालवायला सांगत होते. तिनं ऐकलं असतं तर दोन्ही गाल सारखे कोरडे राहिले असते, आणि गाठ आतल्या आत वाढत गेली असती. तेव्हापासून मी हट्ट करत नाही. काय न्यायचं, काय ठेवायचं, ते तूच बघ, एवढंच म्हणते आणि उजव्या गालाचा घाम पुसून घरी येते.