नवऱ्याची तोंडी परीक्षा

"माय वाइफ इज इन इंग्लंड! आय ॲम इन बोरगाव मेघे! व्हाय?"

भल्या सकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून माझा साळा हे असं ओरडायचा. त्या 'व्हाय'ने आधी कॉलनीतली कुत्री उठायची, मग माणसं, आणि आमच्या हिची शपथ, शेवटी इंग्लंडातली त्याची बायकोही दचकून उठत असावी. इतक्या मोठ्या आवाजात विरह सोसणारा नवरा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. त्याचा इलाज नव्हता. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा लिलाव पुकारण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने कानात सांगितलेलं गुपित वेणा नदीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाई. बायको नर्स, तिकडेच कायमची झालेली. लग्नापुरती सुटी काढून आली आणि हळद उतरायच्या आत परत गेली. तिच्यामागे जायचं तर नवऱ्याला व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी इंग्रजीची एक लहानशी तोंडी परीक्षा. नाव, गाव, घर, आवडनिवड, बस्स. इंग्रजी त्याला तेवढी येत होती. आडवी आली ती खोड.

समोरच्याचं गाव, आजोळ, सासर आणि जेवण झालं की नाही, एवढं कळल्याशिवाय हा गृहस्थ स्वतःचं नावसुद्धा सांगत नसे. एकदा ओटीपी मागायला एका भामट्याचा फोन आला. याने आधी विचारलं, "जेवला काय बाबू?" मग गाव, मग आई कोणत्या गावची, मग ती एकटी राहते काय. अर्ध्या तासात तो भामटा हुंदके द्यायला लागला, आणि फोन ठेवताना म्हणाला, "काका, ओटीपी कोणालेच सांगू नोका." अजून दर दिवाळीला त्याचा मेसेज येतो.

तर अशा माणसाला मी नागपूरला परीक्षेला घेऊन गेलो. आत मॅडमनी नाव विचारलं. हा म्हणाला, "फर्स्ट यू, मॅडम. ईटिंग डन?" बाई सभ्य, हो म्हणाल्या. तिथेच त्या फसल्या. "विच व्हिलेज?"पासून सुरू झालेली गाडी बाईंच्या आजोळी, आर्वीला पोचली. मामा कपाशीवाले निघाले, मामांची गुडघेदुखी निघाली, आणि वेळ संपला. साळेबुवा नापास.

"लय चांगल्या घरची बाई, भाऊजी," बाहेर येऊन तो म्हणाला. "पण तिचं मले इचाराचं राहूनच गेलं."

मग मी कंबर कसली. हिचा चष्मा नाकावर ठेवून रोज संध्याकाळी मॅडम झालो. नियम एकच: विचारलं की उत्तर द्यायचं, उलट काही विचारायचं नाही.

"ओळख ना पाळख, अन् सरळ उत्तर?" तो उसळला. "मी काय आरोपी आहो काय, भाऊजी?"

बिचाऱ्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगायच्या. गिळलेले प्रश्न पोटात गरगरायचे आणि उचक्या होऊन बाहेर पडायचे. एका उचकीने आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, ते अजून बंद आहे. साळ्याने तर जाहीरच करून टाकलं की असलं इंग्लंड आपल्याला नको. बायकोलाच म्हणावं, ये परत.

त्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी पेपर वाचत असल्याचं सोंग घेऊन शेजारीच बसलो होतो.

"ड्यूटीवरून येतो, भाजी गरम करतो, एकटीच जेवतो," ती सांगत होती. "माणसं वाईट नाई जी इथली. थँक्यू म्हणतात, सॉरी म्हणतात. पण जेवली काय, असं कोणी नाई म्हणत."

साळा ओरडला नाही. "मी येऊन राह्यलो न," एवढंच म्हणाला, आणि तेही इतक्या हळू की मीच घाबरलो. फोन ठेवून तो माझ्यासमोर येऊन बसला, हात मांडीवर घट्ट दाबले आणि म्हणाला, "आस्क, मॅडम."

दुसऱ्या खेपेला तो आत गेला आणि वेळेवर बाहेर आला. काही दिवसांनी निकाल आला: पास! हिने अंगणातच फुगडी घातली. मी स्कूटर काढून वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन आलो, कॉलनीभर वाटला. पाहतो तर साळेबुवा पायरीवर बसलेले, हातातला गोरसपाक तसाच.

"अरे पास झाला न तू! बायकोकडे चालला! मग तोंड काऊन पाडून बसला?"

"या खेपेच्या मॅडमच्या हाताले पट्टी होती, भाऊजी," तो म्हणाला. "इचारलं नाई."