आत्याचा फौजी ट्रेलर

सकाळची वेळ होती. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या घरासमोर एक ट्रॅक्टर येऊन थांबला आणि त्याच्या मागे दोन चाकांचं एक हिरवं, गंजलेलं लोखंडी धूड. दूधवाल्याची मोटरसायकल अडली, शाळेची रिक्षा अडली. हॉर्न ऐकून बाबा ब्रश तोंडात ठेवूनच फाटकापाशी आले. ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारून देवश्रीआत्या उतरली. बाबांची धाकटी बहीण.

"हे काय आणलंस?"

"ट्रेलर. फौजेचा. महूला लिलावात निघाला होता, तिथल्या कबाड्याकडून घेतला."

"कशाला पण?"

"राहायला. जीपला जोडून फिरणार आहे मी. आता बाजूला हो दादा, आत घ्यायचाय."

बाबा बाजूला झाले नाहीत. दूधवाला आणि रिक्षावाला दोघांनी मिळून त्यांना बाजूला केलं.

आत्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि नुकतीच रिटायर झाली होती. लग्न तिने केलं नाही. घराचा मागचा अर्धा भाग तिचा, पुढचा आमचा. सगळी नोकरी तिने कबड्डीच्या आणि खो-खोच्या टीम घेऊन सागर, रीवा, झाबुआ करत काढली, सरकारी बसमधून. तिला खेळाबद्दल विचारलं तर ती खेळाबद्दल बोलत नसे, संडासाबद्दल बोले. मुली आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. मैदानावर चक्कर येऊन पडायच्या. रस्त्यात ड्रायव्हर गाडी थांबवायचा ती पुरुषांसाठी. आत्या स्वतः दोनदा मुतखड्यासाठी दवाखान्यात जाऊन आली होती. म्हणून तिने ठरवलं होतं की रिटायर झाल्यावर फिरायचं ते आपला संडास बरोबर घेऊन.

बाबांना हे कळलं तेव्हा घरात खरा स्फोट झाला.

"एका खोक्यात गॅस, पलंग आणि संडास? जिथे जेवायचं तिथेच?"

"मधे दार आहे."

"दार कसलं, प्लायचा तुकडा! आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही, देवू."

"आपल्या घराण्यात कुणी कुठे गेलंच नाही दादा. होळकरांच्या चाकरीत एकदा इंदूर, मग उज्जैन, आणि मग बसले ते बसलेच."

काम आगर रोडच्या रईसभाईंकडे दिलं. ते वेल्डिंग करतात, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिने. रईसभाई फार गोड माणूस. "हो जाएगा दीदी" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "बस, कल" हे दुसरं. कामाबद्दलचं तिसरं आम्ही बरेच दिवस ऐकलं नाही. ट्रेलर अंगणातच होता, त्यामुळे ते यंत्र घेऊन यायचे, चहा प्यायचे, ट्रेलरभोवती एक फेरी मारायचे आणि "इसका लोहा बहुत अच्छा है" म्हणून निघून जायचे.

शेवटी आत्यानेच ग्राइंडर हातात घेतलं. हिरवा रंग काढणं भागच होतं. तो फौजेचा रंग, खाजगी गाडीला चालत नाही. हिरव्याखाली मातकट रंग निघाला, त्याच्याखाली परत हिरवा, मग गंज. घरभर हिरवी धूळ झाली. आईचे पापड हिरवे, बाबांच्या पूजेतला बाळकृष्ण हिरवा. आईने ते पापड उचलून आत्याच्या ओट्यावर नेऊन ठेवले. आत्याने गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात मारला, तो फुगला. खरवडून परत मारला, परत फुगला. तेव्हा रईसभाई म्हणाले, "दीदी, नीचे तेल रह गया होगा। घासलेट से पोंछना था।"

"पहले क्यों नहीं बोले?"

"आपने पूछा ही नहीं।"

आत्या ग्राइंडर खाली ठेवून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कसला तरी डबा भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि रॉकेल शोधायला लागली.

रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस फाटकावर हात ठेवून सल्ला देत असे. कुणी म्हणे टावर चौकात पोहे-जलेबीचा ठेला लावा, धंदा जोरात चालेल. कुणी म्हणे सिंहस्थ येतोय, राम घाटाकडे भाड्याने द्या. एक जण तर वरातीला जनरेटर वाहायला मिळेल का म्हणून विचारून गेला. आत्या सुरुवातीला समजावून सांगायची. मग नुसती "नाही" म्हणायची. नंतर तर फाटकाकडे पाठ करूनच काम करू लागली.

रईसभाईंनी अखेर सांगाडा उभा केला, वर पत्रा चढवला, आत प्लाय बसला. रंगाचा शेवटचा हात आत्याने अनोखीलाल पेंटरला दिला. फिकट निळा हवा, बाकी काही नको, हे तिने त्याला बजावून सांगितलं आणि बँकेत गेली. परत आली तर एका बाजूला बर्फाचे डोंगर, धबधबा, लाल छपराचं घर आणि तळ्यात दोन हंस.

"ये क्या किया?"

"मैडम, इतना बड़ा खाली छोड़ते तो लोग पानी का टैंकर समझते।"

"समझने दो!"

अनोखीलालला खरोखर वाईट वाटलं. त्याने पुसायला सरळ नकार दिला. डोंगर, घर, हंस सगळं आत्यानेच पुसलं. तेव्हापासून लोक येऊन विचारू लागले की टँकर केव्हा भरतो.

पहिली चाचणी देवास रोडवर झाली. मी जीपमध्ये आत्याच्या शेजारी होते. पहिल्याच गतिरोधकावर मागून असा आवाज आला की आत्याने करकचून ब्रेक मारला. दार उघडलं तर आत डाळ, तांदूळ, काचा, आणि सगळ्यावर संडासाच्या टाकीतलं निळं औषधी पाणी. ट्रेलर टनभर दारूगोळा वाहायला बनवलेला. त्याच्या चाकांवरच्या कमान्या, म्हणजे स्प्रिंगा, इतक्या कडक की आत्याच्या चार भांड्यांचं ओझं त्यांना कळलंच नाही. खाली दबायच्या ऐवजी तो चेंडूसारखा उडत आला होता. आत्या रस्त्याच्या कडेला खाली बसली.

"इशिता, मला एक सांग. मी वेडी आहे का?"

मी नाही म्हटलं. पण जरा उशिरा म्हटलं, आणि ते तिच्या लक्षात आलं.

कमान्यांचे काही पट्टे काढून टाकल्यावर ट्रेलर नीट चालू लागला. निघायचा दिवस ठरला. आधी महेश्वर, मग नर्मदेच्या काठाकाठाने जमेल तितकं, एकटीच. आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत सीवर लाइनचं काम निघालं. जेसीबी आला, फाटकासमोर खोल चर पडला. जीप बाहेर राहिली आणि ट्रेलर आत अडकला. त्यात आमच्या आणि आजूबाजूच्या घरांची जुनी लाइन फुटली. मुकादम म्हणाला, संडास वापरू नका, दोन-तीन दिवसांत जोडून देतो.

ते दोन-तीन दिवस बरेच लांबले. आई आणि मी पलीकडच्या गल्लीत मैत्रिणींकडे जायचो. बाबांचं तसं नव्हतं. गुडघे गेलेले, प्रोस्टेटचा त्रास, चरावरच्या फळीवरून जाणं त्यांना शक्य नाही. पहिल्या दिवशी ते दुपारपर्यंत अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग ट्रेलरसमोर उभे राहिले. आत्या आत भांडी लावत होती.

"देवू, जरा बाहेर ये."

"का?"

"ये म्हटलं ना!"

आत्या बाहेर आली. बाबा आत गेले. बाहेर आले तेव्हा कुणाकडे न बघता "कडी घट्ट आहे" एवढंच म्हणाले.

त्यानंतर ट्रेलर आत्याचा राहिलाच नाही. बाबा सकाळी पेपर घेऊन आत जात. दुपारी तिथल्या पलंगावर लवंडत, कारण वारा चांगला येतो म्हणे. शेजारच्या माई काठी टेकत येऊ लागल्या. माई ऐंशीच्या पुढच्या, त्यांचं अंगण आमच्या अंगणाला लागूनच आहे. मग माईंचे भाडेकरू आले, मग समोरच्या जोशीकाकू. टाकी उचलून, फळीवरून नेऊन, जीपमध्ये घालून देवास गेटच्या सार्वजनिक शौचालयात रिकामी करण्याचं काम आत्याकडे. एका सकाळी ट्रेलरपाशी तीन माणसं रांगेत उभी दिसली आणि तिचा बांध फुटला.

"ही माझी गाडी आहे! मी नर्मदेला जाणार होते! आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी संडास शोधले, आता तुम्हा सगळ्यांचं उचलत बसू?"

रांग पांगली. माई मात्र ओट्यावर बसून राहिल्या. आत्या रडत होती, आणि रडताना कुणी पाहिलेलं तिला आवडत नाही म्हणून आणखी चिडली होती.

"तू गेलीस की मी काय करू?" माईंनी विचारलं.

"चर बुजेल माई. तुमचा संडास चालू होईल."

"ते नाही गं. धाकटी बहीण महेश्वरला असते. सात-आठ वर्षं झाली भेटून. मुलगा म्हणतो बसने चल, कारने चल. पण मला दर अर्ध्या तासाने लागते. त्याला गाडी थांबव म्हणायची लाज वाटते, म्हणून मी गुडघे दुखतात म्हणून सांगते." त्यांनी काठीने ट्रेलरचं चाक ठोकून पाहिलं. "ह्यात मला जमेल."

आत्याने डोळे पुसले. "मी एकटी जाणार होते, माई."

"मी काही बोलणार नाही. गप्प बसेन."

चर बुजला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या दोघी निघाल्या. बाबांनी ट्रेलरभोवती फिरून दिवे तपासले, टायर तपासले, आणि कडीला तेल घातलं. "सांभाळून चालव," म्हणाले, आणि मग जरा थांबून, "लवकर ये." आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

परवा तिचा महेश्वरहून फोन आला. आवाजावरून चिडलेली होती.

"गप्प बसणार म्हणाली होती ही बाई! उज्जैन सोडल्यापासून तोंड बंद नाही. चहा पातळ आहे, उशी उंच आहे, गाडी हळू चालव, गाडी जोरात चालव. बहिणीकडे पोचवलं, तर रात्री झोपायला परत ट्रेलरमध्ये. आणि बहिणीलाही घेऊन आली! दोघी पलंगावर, मी खाली चटईवर. आता म्हणतात मांडू बघायचंय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग! डिझेल भरतेय," आत्या म्हणाली. मागून माईंचा आवाज आला की खिडकीकडची जागा त्यांची आहे, आणि फोन कट झाला.